शिंकेचा टाका

त्या आठवड्यात कात्रीला अन्न जाईना. ताट समोर आलं की तो घास उचलायचा, तोंडापर्यंत न्यायचा आणि परत ताटात ठेवायचा. बायकोने पहिल्या दिवशी मीठ चाखून पाहिलं, दुसऱ्या दिवशी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि तिसऱ्या दिवशी कमरेवर हात ठेवून विचारलं, "अहो, खोट स्वयंपाकात आहे की पोटात?"

"डोळ्यांत," कात्री म्हणाला. "तीन दिवसांत सत्तावीस प्रोमो पाहिले."

"मग त्यात काय झालं? मी तर रोज पाहते. मला वर चांगली भूक लागते."

"तू पाहतेस. मी उसवतो."

आता हे उसवणं काय प्रकरण आहे ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वाऱ्यावर जाईल.

कात्री हे काही आईबापांनी हौसेने ठेवलेलं नाव नव्हे. हा गृहस्थ एका टीव्ही वाहिनीत वीस वर्षं मालिकांचे प्रोमो कापत होता, म्हणून लोक त्याला कात्री म्हणत. प्रोमो म्हणजे मालिका सुरू होण्याआधी दाखवतात ती तीस सेकंदांची झलक. हॉटेलवाला तळणीचा वास रस्त्यावर सोडतो ना, तसंच ते. वासाने माणूस आत जातो, मग पुढ्यात काय पडेल ते ज्याचं त्याचं नशीब. कात्रीचं काम फक्त वास सोडण्याचं. आणि ते काम तो कुणाच्या हाताखाली शिकला असेल, तर आपल्या बापाच्या, ज्याने जन्मात टीव्ही चालू केला नव्हता.

बाप शिंपी होता. त्याचा एकच नियम: आधी उसव, मग शिव. नवा कपडा बेतायचा झाला की तो आधी तसलाच एखादा जुना कपडा पैदा करायचा, टाका-टाका उसवायचा, तुकडे टेबलावर मांडायचा आणि मगच नव्या कापडाला कात्री लावायचा. या नियमापायी एकदा काय घडलं होतं ते ऐका. एका बड्या असामीने आपला ठेवणीतला मखमली कोट आणून दिला. म्हणाला, "मास्तर, हुबेहूब असाच दुसरा शिवा, महिनाभराने लग्न आहे." बापाने त्याच दिवशी कोट उसवला. सतरा तुकडे झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी गृहस्थ धापा टाकत दारात. "मास्तर, कोट द्या! मुलीच्या आजोबांचं काही खरं नाही, लग्न आजच उरकायचं ठरलंय!"

"लग्न कुणाचं?" बापाने तोंडातली टाचणी काढत विचारलं.

"माझंच हो!"

दोन तासांत सतरा तुकड्यांचा पुन्हा कोट झाला, पण डावी बाही उजवीकडे गेली आणि उजवी डावीकडे. लग्नाच्या फोटोत नवरदेव कुणाच्या तरी अंगावर धावून निघाल्यासारखा दिसतो. आजोबा त्यानंतर अकरा वर्षं जगले, ती गोष्ट वेगळी.

पण कात्रीच्या मनात घर करून राहिलं ते दुसरंच. कोट उसवताना बापाने कॉलर उघडली आणि आतून गोणपाट निघालं. वरून मखमल आणि आत कांद्याच्या गोणीचा तुकडा, त्यावरचा शिक्काही तसाच. बाप "थू!" म्हणाला आणि पोराकडे वळला. "बघ, उसवलं की शिसारी येते. पण शिसारी आल्याशिवाय चांगलं शिवता येत नाही. आणि एक लक्षात ठेव, शिंपी शंभर कपड्यांच्या ढिगातून आपला टाका ओळखतो. आईला आपल्या पोराचं रडणं ओळखू येतं ना, तसा."

पोर मोठं झालं, कापडाच्या जागी चित्रं आली, नियम तोच राहिला. नव्या मालिकेचा प्रोमो हाती आला की कात्री आधी इतर वाहिन्यांचे महिनाभरातले झाडून सगळे प्रोमो पाहायचा. एकेका शॉटसाठी एकेक पिवळं कार्ड. कार्डावर काय दिसलं, किती सेकंद दिसलं, मागे कसला आवाज होता, सगळं पेन्सिलीने लिहायचं. मग ती कार्डं घरच्या जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडायची. ऑफिसातलं टेबल लहान होतं. घरचंही फार मोठं नव्हतं, पण तिथे हटकणारी एकटी बायकोच होती.

आणि ती हटकायची. त्या दिवशी चष्मा चढवून तिने एक ओळ मोठ्याने वाचली. "डोळा. डोळा. पाणी भरलेला डोळा. दार. वारा. ताट पडलं. डोळा. थप्पड. थप्पड. थप्पड. वीज." चष्मा काढला. "हा प्रोमो आहे की वेड्यांच्या दवाखान्याची रोजनिशी?"

"तू काल रडत होतीस तो हाच."

"हाच? काल तर किती छान वाटला होता!"

"उसवला की असा दिसतो."

कात्रीने तिला एकेक तुकडा उलटा करून दाखवला. सत्तावीसपैकी एकोणीस प्रोमोंत घरात वारा सुटत होता. खिडक्या बंद, पडदे गच्च, तरी नायिकेचे केस उडताहेत. बावीस प्रोमोंत हातातलं काहीतरी खाली पडत होतं: ताट, पेला, औषधाची बाटली, एकीकडे तर आख्खी सुटकेस. पडलेलं कुणीही उचलत नव्हतं.

"उचलणार कोण? सगळ्या बायका एकमेकींकडे बघत उभ्या," बायको म्हणाली. "माझ्या घरात ताट पडलं असतं तर सासूबाईंनी आधी पोचा किती पडला ते पाहिलं असतं."

आणि शेवटी तो घोगरा आवाज. "कळेल का तिला सत्य? तुटेल का हे नातं? येईल का तो परत?" कात्रीने मोजले होते. सत्तावीस प्रोमोंत मिळून एकशे बारा प्रश्न, उत्तर एकाचंही नाही. शाळेत असा पोरगा असता तर मास्तरांनी त्याला बाकावर उभा केला असता.

पण हे सगळं कात्रीने आजवर पचवलं होतं. दरवर्षी उसवायचा, नाक मुरडायचा, मग आपलं काम करायचा. या खेपेला घास अडला तो थपडेपाशी.

सत्तावीसपैकी चौदा प्रोमोंत थप्पड होती. थप्पड एकच, पण दाखवायची तीन वेळा: एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा वरून. मागे ढोल. मारणारी कुठे सासू, कुठे जाऊ, कुठे सख्खी आई. खाणारी मात्र कायम तीच, विशीतली, मोठ्या डोळ्यांची. चौदा गाल गुणिले तीन, बेचाळीस थपडा. तीन दिवस कात्री त्या बेचाळीस थपडा पुढे-मागे, पुढे-मागे करत बघत होता. चावून थुंकलेला एकच घास चौदा जणांनी तोंडात फिरवावा, अशी ती किळस.

त्यातच त्याच्या नजरेला एक बारीकशी गोष्ट खुपायला लागली. दुसऱ्या आणि तिसऱ्या थपडेच्या मध्ये पडदा पांढरा होत होता. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर, आणि पुन्हा चित्र. चौदाच्या चौदा प्रोमोंत, अगदी त्याच जागी.

"हे पांढरं कशाला घालतात?" बायकोने विचारलं.

"पोरं शिकून येतात ना संस्थांमधून. तिथे याला 'पांढरा धक्का' म्हणतात. म्हणे त्याने बघणाऱ्याचं काळीज हलतं."

"आणि हा शहाणपणा सुचला कुणाला?"

प्रश्न बरोबर होता. हे गोणपाट पहिल्यांदा कॉलरीत कोंबलं कुणी?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ऑफिसच्या तळघरात गेला. तिथे जुन्या टेपांची खोली आणि त्या खोलीचे राखणदार अण्णा. अण्णांना टेपांची तारीख विचारावी लागत नसे, ते वासावरून सांगत.

"कुठली हवी?" अण्णांनी विचारलं.

"जिच्यात पहिली थप्पड आहे ती. आपल्या टेपा आहेतच, बाकीच्यांचे प्रोमोही तुम्ही त्या वेळी उतरवून घ्यायचात ना?"

"सगळे आहेत. खाली उतरत जा. पण सांगतो, विहीर उपसायला गेलं की तळातून गाळच येतो."

कात्री एकेक वर्ष मागे जाऊ लागला. पाच वर्षांपूर्वी थप्पड आहे, पांढरा धक्का आहे. नऊ वर्षांपूर्वी आहे. बारा वर्षांपूर्वी आहे. दुपारपर्यंत त्याच्या मांडीवर टेपांचा ढीग झाला आणि नाकातोंडात धूळ गेली. मनात तो त्या पहिल्या माणसाला शिव्यांची लाखोली वाहत होता. अठरा वर्षांपूर्वी आहे. एकोणीस वर्षांपूर्वी एकच प्रोमो. त्याच्या आधी कुठेच नाही.

त्याने तो लावला. दोन जावा स्वयंपाकघरात उभ्या. थोरलीचा हात उठला, धाकटीचा चेहरा वळला, ढोल. हात उठला, चेहरा वळला, ढोल. पांढरं. हात उठला...

कात्रीने मशीन थांबवलं. त्याच्या तोंडून आवाज निघाला तो ऐकून अण्णा धावत आले.

"काय झालं रे? सापबिप निघाला की काय?"

"अण्णा, हा धक्का नाही. ही माझी शिंक आहे!"

आणि होतीच ती त्याची शिंक. एकोणीस वर्षांपूर्वी तो या कामात नवा होता आणि सर्दीने बेजार होता. तिसरी थप्पड जोडता जोडता सटकन शिंक आली, हात भलत्याच बटणावर पडला आणि मध्ये एक कोरं चित्र घुसलं. दुरुस्त करायला वेळ नव्हता, प्रोमो तासाभरात प्रसारित व्हायचा होता. गेला तसाच. दोन दिवस त्याला भीती होती की कुणीतरी कान उपटणार. कुणी काही म्हणालं नाही आणि तो विसरून गेला. तेवढ्यात जगाने ती शिंक उचलली, तिला नाव दिलं, वर्गात शिकवली, एकोणीस वर्षं नेमाने शिंकली.

शंभर कपड्यांच्या ढिगात शिंप्याला आपला टाका सापडला होता. बाप असता तर "थू!" कुणाकडे बघून म्हणाला असता हे कात्रीला पक्कं ठाऊक होतं.

घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं. बाई आधी इतकी हसली की तिला टेबल धरावं लागलं. मग नवऱ्याचं तोंड पाहून तिने हसू आवरलं.

"अहो, शिंकेला काय धरून बसलात? शिंक काय कुणी मुद्दाम शिंकतं?"

"शिंकेचं काही नाही गं. थप्पड मात्र मी मुद्दाम केली. वाटायचं, माझ्याआधीही कुणी केली असेल."

"थप्पड तर त्या बाईंनी मारली, तुम्ही कुठे?"

"त्यांनी मारलीच नव्हती."

बायको बसली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, पण ही गोष्ट तिने ऐकली नव्हती. चित्रण झालं होतं ते असं: धाकटी जाऊ पीठ मळत असते, तिच्या गालाला पीठ लागतं आणि थोरली हात पुढे करून ते पुसते. बस, एवढंच. पुसता पुसता हसते. फार गोड हसायच्या त्या बाई. पण तेव्हाचा साहेब म्हणाला, गाल पुसायला कोण थांबतंय, काहीतरी कर. कात्रीने हात गालाला लागायच्या आत कापला, धाकटीचा भलतीकडे वळलेला चेहरा दुसऱ्या दिवसाच्या चित्रणातून उचलून पुढे जोडला आणि मध्ये ढोल घातला. झाली थप्पड. लोकांनी वाहिनीला पत्रांवर पत्रं पाठवली: ही थप्पड कधी दाखवणार? आता कधीच नसलेली थप्पड दाखवणार कुठून? मग लेखकाला बसवून खरी थप्पड लिहून घेतली. थोरली बिचारी मारकुटी झाली ती सहा वर्षं मारतच राहिली. मालिका संपली तरी हात उठायचा राहिला नाही, कारण पुढे तिला दुसऱ्या तऱ्हेचं कामच कुणी देईना.

"शी!" बायको म्हणाली. तिने टेबलावरची कार्डं गोळा केली आणि त्याच्यासमोर पालथी घातली. "आणि मी त्या बाईंना मेली, सटवी म्हणत होते!"

आता खरी पंचाईत अशी होती की ज्या नव्या मालिकेसाठी हे सगळं उसवणं चाललं होतं, तिच्यात आजेसासू म्हणून थोरली जाऊ झालेल्या त्याच बाई होत्या, ज्यांना आता सगळे थोरल्या ताई म्हणत. आणि मालिकेत एक प्रसंग होता: नातसून भिंत रंगवत असते, गालाला रंग लागतो, आजेसासू येते, हात पुढे करते आणि रंग पुसते. लेखकाने बिचाऱ्याने सरळ मनाने लिहिलं होतं.

प्रोमो विभागाच्या प्रमुख म्हणजे एक तिशीतल्या मॅडम. कात्रीला काका म्हणायच्या, पण काकाला पुतणीने आदर द्यावा तसं काही नव्हतं. त्यांनी प्रसंग पाहिला आणि टाळी वाजवली.

"काका, हात गालाला लागायच्या आधी कापायचं. तीन वेळा. मध्ये पांढरा धक्का. लोकांना जुन्या थप्पडवाल्या बाई आठवल्याच पाहिजेत. तीस सेकंदांत रक्त उकळलं पाहिजे!"

"आणि नाही कापलं तर?"

"तर काका, बातम्यांच्या खालची पट्टी लिहायला माणूस हवाच आहे." मॅडम हसल्या. त्या चेष्टा करत नव्हत्या.

त्याच दिवशी थोरल्या ताई कात्रीच्या खोलीत आल्या. केस पांढरे झाले होते, चाल मंद झाली होती. दारातच थांबल्या. "कात्रीभाऊ, ओळखलंत का?"

कात्री ताडकन उठला आणि आपली खुर्ची त्यांना दिली. स्वतःला बसायला जागा नव्हती म्हणून वायरींच्या खोक्यावर टेकला. "ताई, तुम्ही कशाला आलात? मीच आलो असतो."

"एकोणीस वर्षांत नाही आलात," ताई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. "मला एकच सांगा. मॅडम म्हणाल्या ते खरं? माझा हात पुन्हा अर्ध्यात तोडणार?"

"त्यांनी सांगितलंय तसंच," कात्री म्हणाला.

"मला बाजारात बायका बोलायच्या, त्याचं काही नाही. भाजीवाली वजनात मारायची आणि वर म्हणायची, तुम्ही जावेला मारता त्याची ही शिक्षा. मी हसून सोडलं. पण भाऊ, ती तुमची तीन थपडांची झलक आता लोकांच्या फोनवर फिरते. गंमत म्हणून पाठवतात एकमेकांना. माझी नात सात वर्षांची आहे. गेल्या महिन्यात तिचा वाढदिवस झाला. अकरा मुलांना बोलावलं होतं. टोप्या केल्या होत्या कागदाच्या, मी स्वतः."

"मग?"

"एकही आलं नाही. शाळेत पोरं म्हणतात, हिची आजी मारते, तीन वेळा मारते. अकराच्या अकरा टोप्या पडून राहिल्या. रात्री नात मला म्हणाली, आजी, तू पुढच्या वर्षी त्या दिवशी कुठे तरी जाशील का?" ताईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "मला माझं नाव परत नको. या वयात ते घेऊन काय करू? फक्त एकदा माझा हात गालापर्यंत पोचू दे. पोरांना दिसू दे."

बाप असता तर काही बोललाच नसता, सुई ओवायला बसला असता. ताई गेल्यावर कात्रीने खोलीचं दार लावलं आणि कामाला बसला.

त्या दिवसभरात त्याने जे केलं ते म्हणजे जवळपास काहीच न करणं होतं, आणि तेच त्याला सगळ्यात जड गेलं. बोटं सवयीने कापायला धावत होती. हात उठला की कापा, डोळा भरला की कापा. त्याने उजवा हात मांडीखाली दाबून धरला आणि डाव्या हाताने काम केलं. भिंत, रंग, नातसुनेचा गाल, दारात आजेसासू. तिचा हात उठतो. कापलं नाही. हात पुढे येतो. कापलं नाही. सबंध अकरा सेकंद एकच चित्र. बोटं गालाला लागतात, रंग पुसतात आणि ताई हसतात, तेच एकोणीस वर्षांपूर्वी कापून टाकलेलं हसू. ढोल नाही, वारा नाही, प्रश्न नाही. शेवटी मालिकेचं नाव आणि वेळ.

घरी जाऊन बायकोला म्हणाला, "उद्या बहुतेक पट्टी लिहायला बसेन."

"बसा की. निदान त्यात कुणाचा गाल नाही." आणि तिने त्याच्यापुढे ताट ठेवलं. त्याने अर्धं खाल्लं. अर्धं हीसुद्धा प्रगतीच.

दुसऱ्या दिवशी प्रोमो दाखवायच्या खोलीत सगळे जमले. मॅडम, लेखक, जाहिरात विभागाचे तिघे, चहा घेऊन आलेला माणूस दारातच किटली धरून उभा. दिवे मालवले. भिंत आली, रंग आला, ताई दारात आल्या. ताईंना पाहताच खोलीत कुजबुज झाली, "थप्पडवाली, थप्पडवाली." हात उठला.

कात्री पडद्याकडे बघत नव्हता, माणसांकडे बघत होता. हात उठल्याबरोबर जाहिरातवाल्या तिघांच्या माना आखडल्या. चहावाल्याने डोळे मिटले. मॅडमचा हात आपसूक स्वतःच्या गालावर गेला. मोठी माणसं, शिकलेली माणसं, आणि अकरा सेकंद श्वास धरून थपडेची वाट बघत होती! एकोणीस वर्षांत आपण माणसांना काय शिकवून ठेवलंय, असं कात्रीला वाटलं. एखाद्या कुत्र्यावर कुणी फक्त हात उगारत राहिलं की ते चुचकारणाऱ्या हातालाही दबकतं, तशी ही माणसं दबकली होती.

हाताने रंग पुसला. ताई हसल्या. दिवे लागले. चहावाला हळूच म्हणाला, "अरेच्चा. मारलं नाही?"

"परत लावा," मॅडम म्हणाल्या.

परत लावलं. मॅडमचा हात परत गालावर. मग त्या उठून उभ्या राहिल्या. "काका, हे भयंकर आहे! काय ताण आहे! आता मारेल, मग मारेल, आणि मारतच नाही! तुम्ही तर सगळ्यांच्या पुढे निघालात. पास!"

कात्रीला हसावं की रडावं कळेना. त्याने ताण-बिण काही घातला नव्हता. तो यांच्या मानेतच बसला होता. गुळगुळीत मखमल दिली तरी हे आतलं गोणपाट चाचपूनच खूश होणार.

"फक्त एक करा," मॅडम पुढे म्हणाल्या, "हात लागायच्या आधी तो पांढरा धक्का तेवढा टाका. परंपरा आहे."

"मॅडम, ती परंपरा नाही. माझी सर्दी आहे."

"म्हणजे?"

कात्रीने सगळं सांगितलं. जाहिरातवाले तिघे हसले, लेखक इतका हसला की त्याला ठसका लागला. मॅडमचा विश्वास बसला नाही. "काका, मी यावर शिकताना वीस पानं लिहिली होती," त्या म्हणाल्या, दुखावल्यासारख्या. पण धक्का घातला गेला नाही. कात्रीने पहिल्यांदाच कुणाला तरी सरळ नाही म्हटलं होतं आणि तो स्वतःच त्या नाहीला जरा घाबरून बसला होता.

प्रोमो लागला. लोकांनी पाहिला. फोनवरही फिरला.

महिन्याभराने पुढच्या मालिकेसाठी कात्रीने पुन्हा जेवणाच्या टेबलावर कार्डं मांडली आणि तिसऱ्याच प्रोमोला पेन्सिल खाली ठेवली. एक सासू सुनेचा गाल पुसत होती. तीन वेळा. डावीकडून, उजवीकडून, वरून, मागे बासरी आणि मध्ये पांढरा धक्का. पुढच्यात आत्या पुसत होती. त्याच्या पुढच्यात डॉक्टर. एकूण नऊ. कुठे माती, कुठे काजळ, एका ठिकाणी तर गालाला काही लागलेलंच नव्हतं, तरी पुसत होते.

"शी शी शी!" कात्रीने ताट बाजूला सारलं. "आता पुसून पुसून पोरींच्या गालांची सालं निघतील!"

"जेवा आधी," बायको म्हणाली. "किळस नंतरही करता येते, गार होत नाही ती."

तेवढ्यात फोन वाजला. थोरल्या ताई होत्या. मागे पोरांचा एवढा गलका की त्यांना ओरडून बोलावं लागत होतं. वाढदिवस नव्हताच काही, नातीने पाच मैत्रिणींना नुसतं खेळायला बोलावलं होतं. पाचही आल्या होत्या. जुन्या कागदी टोप्या त्यांच्या डोक्यांवर होत्या.

"आल्या, पण आधी दारातच उभ्या राहिल्या हो!" ताई सांगत होत्या. "त्यातली एक चिमुरडी, दोन वेण्यांची, मला म्हणते, आजी, तुम्ही मारता की पुसता? मी म्हटलं, बाळ, तुझ्या गालाला काही लागलंय का? तिने पाहिलं, काही नव्हतं. मग गेली टेबलापाशी, जॅमच्या बरणीत बोट घातलं, आपल्या गालाला लावलं आणि माझ्यापुढे येऊन डोळे गच्च मिटून उभी राहिली."

"मग?"

"मग काय, पुसला मी. एक डोळा उघडून बघितलं तिने. पुन्हा गेली, पुन्हा जॅम लावून आली. पुसला. पुन्हा गेली..."

"तीनदा?" कात्रीने विचारलं.

"तीनदा! आणि आता बाकीच्या चौघी रांगेत उभ्या आहेत. भाऊ, ठेवते फोन, बरणी संपत आलीय."

कात्रीने फोन ठेवला, ताट ओढून पुढे घेतलं आणि जेवायला बसला. बायकोने काही न विचारता पुन्हा वाढलं.